उसने पूर्णविराम

एका वर्षी ऐन लग्नसराईत ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंत कुणाचंच वाक्य नीट संपत नव्हतं. लग्नपत्रिकांमधले चि. आणि सौ. टिंबांवाचून उघडेबोडके निघाले. एका वकीलसाहेबांची नोटीस सुरू झाली ती थेट सहीपाशी जाऊन थांबली. डोंबिवलीच्या एका गृहस्थांच्या एकसष्टीच्या निमंत्रणात यजमान, पाहुणे आणि भोजन सगळे एका दमात आले. या सगळ्याला जबाबदार मी. त्या पट्ट्यातल्या छापखान्यांचे पूर्णविराम मी उसने नेले होते.

कशाला नेले हे सांगण्याआधी मी कोण ते सांगायला हवं, पण त्यात फार वेळ जाणार नाही. ठाण्याला तळ्याकाठी अप्पांचा छापखाना होता, तिथे मी जुळारी होतो. लाकडी खणांमधून शिशाचे खिळे एकेक करून उचलायचे, हातातल्या पट्टीत ओळीने लावायचे, ओळींचं पान करायचं आणि पान चौकटीत आवळून यंत्रावर चढवायचं, हे माझं काम. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, आरशातल्यासारखं. कागदावर टेकलं की ते सुलट होतं. त्यामुळे जुळाऱ्याला उलटं वाचायची इतकी सवय होते की सुलट वाचताना तो जरा अडखळतो. माझ्या लग्नाची पत्रिका मीच जुळवली, म्हणजे बायकोचं नाव मी छापील असं पहिल्यांदा वाचलं ते उलटं. ती म्हणते, तेव्हापासून मी तिला तसंच समजत आलोय.

शिवाय मुंबईच्या एका चित्रशाळेत मी एक वर्ष काढलं होतं. दुसऱ्या वर्षी चित्रशाळेने मला काढलं. तेवढ्या भांडवलावर अप्पांनी मला छापखान्याचा ‘सजावटकार’ करून टाकलं होतं. शाळांची वार्षिकं, मंडळांचे अहवाल, भजनी मंडळाची स्मरणिका, काहीही आलं की अप्पा ओरडत, “बाळ्या, याला जरा नटव रे!” आणि मी नटवत असे. माझी आवडती वस्तू उगवता सूर्य. तो कुठेही चालतो. किरणं मोजून कुणी पैसे कापत नाही.

तर एक दिवस अप्पा म्हणाले, “शहाडच्या अंगाला नदीजवळ एक खास शाळा आहे. त्यांचं वार्षिक आपल्याकडे आलंय. मुखपृष्ठाचा नमुना कर आणि तिथल्या नेने मास्तरांना दाखवून ये.” ती शाळा कसली, हेही अप्पांनी सांगितलं होतं म्हणे. मी तेव्हा मनातल्या मनात शेंदरी रंगात पिवळा मिसळत होतो. मला ‘खास’ एवढंच ऐकू आलं.

कल्याणला उतरून टांग्याने गेलो. टांगेवाल्याने मला नदीच्या बाजूला, मागच्या फाटकाशी सोडलं, त्यामुळे पुढच्या दाराची पाटी काही मी वाचली नाही. एक जुना बंगला, भोवती चिंचा, आणि दुपार अशी की सगळं पाण्याखाली असल्यासारखं हळू. कुठेतरी पेटी वाजत होती, एकच सूर धरून. व्हरांड्याच्या भिंतीवर कमरेच्या उंचीला एक लांबच लांब पट्टा होता. तो रंगवलेला नव्हता. भिंत तिथे घासून गुळगुळीत, जुन्या हस्तिदंतासारखी झाली होती. मला वाटलं, काय नाजूक सजावट आहे! चित्रकाराची नजर म्हणतात ती ही.

व्हरांड्यात नेने मास्तर आरामखुर्चीत बसले होते. मी नमस्कार केला, नमुना त्यांच्या हातात दिला आणि सुरू झालो.

“खाली क्षितिजाला शेंदरी घेतलाय. तो वर जाता जाता नारिंगी होतो, मग हळदीसारखा पिवळा, आणि त्या पिवळ्यात…”

मास्तर मान किंचित कलती करून ऐकत होते. असा ऐकणारा मला जन्मात मिळाला नव्हता. त्यांनी कागद बोटांनी चाचपला, मग गालाला लावला. मला वाटलं, काय ही रसिकता!

“कागद चांगला आहे,” ते म्हणाले. “सूर्य ना?”

“ओळखलंत!”

“दरवर्षी सूर्यच असतो. मागे एकदा समई होती, पण तिच्याही मागे सूर्य होता असं मला कुणीतरी सांगितलं.” मग अगदी सौम्यपणे म्हणाले, “मला दिसत नाही हो. लहानपणी देवी आल्या, त्यात डोळे गेले. इथल्या सगळ्या मुलांचं तसंच काही ना काही. अंधशाळा आहे ही. पण तुम्ही बोलत होतात फार छान. थांबू नका, पिवळ्यापर्यंत आला होतात.”

चिंचेखाली दोन-तीन मुलं फिदीफिदी हसली. तेवढ्यात एक मुलगी त्या गुळगुळीत पट्ट्यावरून हात फिरवत झपाझप चालत गेली आणि ती सजावट कशाची होती ते मला कळलं. इतकी वर्षं इतक्या मुलांचे हात त्याच वाटेने गेले होते.

ती मुलगी यमुना. सतराएक वर्षांची, मानपाड्याकडच्या शेतकऱ्याची लेक, शाळेतली सगळ्यांत मोठी. चहा देता देता तिने मला विचारलं, “दादा, तुम्ही पुस्तक छापता ना आमचं? मग एक सांगा, ते आमचं कसं?”

“म्हणजे? तुमचेच लेख असतात त्यात.”

“असतात ना. पण मी लिहिलेलं मलाच दुसऱ्याकडून ऐकायला लागतं. एकदा ऐकलं की कपाटात. मग ते पाहुण्यांचं.”

मास्तर म्हणाले, “हिचं खरं आहे. वार्षिक निघतं ते देणगीदारांसाठी. ठिपक्यांच्या लिपीतलं एक पान जरी त्यात घालता आलं ना, तरी मुलं ते बोटांनी वाचतील. पण तसली यंत्रं आपल्याकडे कुठली?”

मी म्हणालो, “बघू.” छापखानेवाल्याच्या ‘बघू’ला काही अर्थ नसतो. तो आम्ही गिऱ्हाइकाला टांग्यात बसवताना म्हणतो. त्या दिवशी टांग्यात मी बसलो, एवढाच फरक.

पुढच्या खेपेला मी मुलांच्या लेखांची कच्ची छपाई घेऊन गेलो. इतर ठिकाणी प्रूफं दिली की ती तपासून परत येतात. इथे ती मलाच मोठ्याने वाचून दाखवायची होती. संध्याकाळी सगळी मुलं व्हरांड्यात बसली आणि मी एकेक लेख वाचू लागलो. यमुनाचा लेख होता ‘शेताची वाट’. बांधावरून चालताना कुठे गवत आहे, कुठे चिखल, कुठे खेकड्याचं बीळ, हे पायाच्या तळव्यांना कसं कळतं, त्याबद्दल. साधा, चांगला लेख. फक्त एक अडचण होती. तो पानाच्या तीन ओळी आधीच संपत होता.

बाहेरच्या माणसाला यात काय वाटणार! पण सजावटकाराला पानाच्या तळाशी रिकामी जागा दिसली की दात पडल्यासारखं वाटतं. तिथे आम्ही एखादा वेलबुट्टीचा ठसा लावतो. तो हाताशी नसला तर लेखकाला न विचारता दोन-चार ओळी ठोकून देतो. आजवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. म्हणून मी मोठ्या डौलात वाचलं, “आणि आकाशात रुपेरी चांदणे सांडले होते. तारका गालांत हसत होत्या. त्या शोभेने मी मुग्ध झाले.”

यमुना म्हणाली, “हे चांदणं कुणी सांडलं?”

मुलं लोटपोट. एक बारका ओरडला, “तारका हसतात तेव्हा आवाज येतो का हो?” दुसरा म्हणाला, “मुग्ध म्हणजे काय गं यमुताई? ताप?”

“पान भरत नव्हतं,” मी पुटपुटलो.

“किती भरायचंय?”

“तीन ओळी.”

यमुनाने नदीकडे तोंड केलं. नदीवरून वारा येत होता आणि चिंचेची पानं सळसळत होती. मग ती बोलली, आणि मी प्रुफाच्या कडेला लिहून घेतलं.

‘रात्र झाली हे मला बांधावर कळतं. दिवसभर तापलेली माती पायांना अजून कोमट लागते, पण तोंडावर वारा गार. खाली दिवस आणि वर रात्र, त्यांच्या मधून मी चालते.’

छापखान्यात जाऊन जुळवलं. बरोब्बर तीन ओळी. एक खिळा इकडचा तिकडे करावा लागला नाही. त्या रात्री घरी जाताना तळ्याच्या काठाने मी चपला हातात घेऊन चाललो. बायकोने विचारलं, “तुटल्या?” मी म्हटलं, “हो.” खरं सांगून काय उपयोग होता?

खरी भानगड पुढेच आहे. त्याच सुमाराला यमुनाचे वडील, धर्मा म्हात्रे, तिला न्यायला आले. मी मुखपृष्ठाचा दुसरा नमुना घेऊन गेलो होतो. या वेळी सूर्य नव्हता, शाईशिवाय नुसतं उठवलेलं पिंपळाचं पान होतं, बोटांना लागेल असं. मास्तरांना ते फार आवडलं होतं. संस्थेच्या अध्यक्षांना नव्हतं. “अंधांच्या शाळेला उजेड नको का?” असं म्हणून त्यांनी माझाच सूर्य माझ्या अंगावर फेकला होता. ते रडगाणं मी मास्तरांना ऐकवत होतो तेवढ्यात धर्मा म्हात्रे आत आले. उन्हाने रापलेला, उंच, फार कमी बोलणारा माणूस.

मास्तरांनी यमुनासाठी मुंबईच्या एका अंधशाळेत शिक्षिकेच्या प्रशिक्षणाची जागा ठरवली होती. तिकडच्या लोकांनी होकार दिला होता. घरचा होकार तेवढा राहिला होता, आणि तो हा समोर उभा होता.

“मास्तर, तुमचे उपकार हायत,” धर्मा म्हणाले. “पोर इकरं चार वर्सं जेवली, शिकली. आता संमेलन झालं की घरी नेतो. मुंबईला जाऊन काय करील ती?”

“शिकवेल. वाचायला शिकवेल.”

“तिला सोताला वाचता येतं कं?”

“बाबा, मी किती वेळा वाचून दाखवलं तुला!” यमुना म्हणाली.

“दाखवलंस. पन ते पाठ केलंस तू. मना ठावं हाय, तुझी याद लय भारी हाय. लहानपनी आक्खी आरती एकदा ऐकून म्हनायचीस. कागदावर हात फिरवायचा न् पाठ केलेलं बोलायचं. मना नाय पटत, बाय.”

आता यावर करायचं काय? शाळेच्या कपाटात ठिपक्यांच्या लिपीतली पुस्तकं होती मोजकी, आणि ती यमुनाने इतक्यांदा वाचली होती की खरंच पाठ झाली होती. मास्तर म्हणाले, मी स्वतः नवीन मजकूर टोचून देतो. धर्मा म्हणाले, “तुमी तिला आधी सांगनार नाय कशावरनं? शाळंतलं सगलं तुमचंच.” त्यात राग नव्हता. बैल घेताना माणूस दात बघतो, तसं ते होतं. आंधळ्या पोरीला मुंबईला सोडायची, तर जमीन पक्की आहे का हे त्यांना पाय देऊन बघायचं होतं.

मग त्यांची नजर माझ्यावर आली. “हा कोन?”

“हे छापखान्यातले. ठाण्याचे.”

“शाळंतला नाय ना? मंग ह्याला लिवू दे. काय लिवलंय ते तुमाला नाय सांगायचं, पोरीला नाय सांगायचं. संमेलनाला याने मना आनून द्यायचं, मी माझ्या हातानं पोरीला देईन. वाचलान तर जाऊ दे मुंबईला. नाय तर घरी.”

मास्तर माझ्याकडे तोंड करून म्हणाले, “काय चित्रकार? पहिल्या दिवशी ‘बघू’ म्हणाला होतात.”

निघताना यमुना फाटकापर्यंत आली. बोलली एवढंच, “दादा, चांदणं नका घालू.”

आता थोडा धंदा समजून घ्या. ब्रेलमध्ये एकेका अक्षराला सहा ठिपक्यांची जागा असते. त्यांतले कोणते उठवले यावरून अक्षर ठरतं. मास्तरांकडे डोळस शिक्षकांसाठी छापलेला एक तक्ता होता, त्यात प्रत्येक मराठी अक्षराचे ठिपके दाखवले होते. तो मी आणला होता. पण ठिपके उठवायचे कशाने? दोन दिवस मी जेवताना भातात बोटाने ठिपके पाडत होतो. तिसऱ्या दिवशी खणांपुढे उभा असताना हाताला लागला पूर्णविराम. शिशाचा बारीक दांडा, त्याच्या टोकाला एक टिंब. शाई न लावता जाड कागदावर जोराने दाबला तर मागच्या बाजूला टेंगूळ येणार! एका ठिपक्याला एक पूर्णविराम. जिथे ठिपका नको तिथे कोरा खिळा. मला इतका आनंद झाला की मी अप्पांना मिठी मारली. अप्पा म्हणाले, “आधी हात धू.”

पण आमच्याकडे त्या मापाचे पूर्णविराम मूठभरच. म्हणून मी पिशवी घेऊन निघालो. ठाण्यातले छापखाने झाले, मग कल्याण, मग डोंबिवलीत एकाने घराच्या पडवीत थाटलेला छापखाना, शेवटी टिटवाळ्याला देवस्थानची पत्रकं काढणारा एक म्हातारा. सगळीकडे तेच संवाद.

“काय देऊ?”

“पूर्णविराम.”

“आणि?”

“नुसते पूर्णविराम.”

“तब्येत बरी आहे ना?”

टिटवाळ्याच्या म्हाताऱ्याने मात्र काही विचारलं नाही. ओंजळ भरून दिले आणि म्हणाला, “घेऊन जा. देवाच्या पत्रकाला कशाला हवाय पूर्णविराम!” पिशवी खांद्याला लावून मी परत येत होतो तेव्हा आतून बारीक खळखळ येत होती. चार गावांतल्या सगळ्या गोष्टींचे शेवट माझ्या खांद्यावर होते. स्वप्नातसुद्धा मला ते दिसायचे. काळे, बारीक, खणातून उडून तळ्यावर जाऊन बसलेले.

मजकूर मी लिहिला होता पानभर. जीवन, ज्ञान, श्रम, सगळं होतं त्यात. जुळवायला बसलो तर दुसऱ्या ओळीतच निम्मे पूर्णविराम संपले. मग ज्ञान काढलं, श्रम काढले, शेवटी जीवनही काढलं. जेवढे पूर्णविराम तेवढंच माझं म्हणणं. उरल्या पाच ओळी.

आमचा यंत्रवाला सखाराम. त्याने पायाने चालवायचं ट्रेडल-यंत्र हाणलं तर पहिल्या कागदाची चाळण झाली. टिंबांच्या कडा धारदार होत्या. मग आम्ही त्या घासून बोथट केल्या, कागद किंचित ओला केला, मागे सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा लावला. टेंगळं अशी सुबक उठली की सखाराम म्हणाला, “गोवर आल्यासारखी.” त्याआधी मी शाई लावून एक नमुना काढला होता आणि तक्त्याशी ठिपका न् ठिपका ताडून पाहिला होता. डोळ्यांत तेल घालून तपासलं. एकही चूक नव्हती. मग शाई पुसली, शाळेच्या प्रती काढल्या आणि टेंगळांची बाजू वर येईल असं पान वार्षिकात शिवलं. त्यातली एक प्रत धर्मांसाठी दोऱ्याने बांधून ठेवली.

डोळ्यांत तेल घालून. तिथेच मी माती खाल्ली होती.

संमेलनाच्या दिवशी मैदानात छोटा मांडव होता. ऊन उतरलं होतं, नदीच्या अंगाने गारवा येत होता. अध्यक्ष हार घालून बसले होते. त्यांच्या हातात सूर्यवाला अंक होता आणि ते त्यावर खूश होते. धर्मा म्हात्रे धुवट सदरा घालून पहिल्या रांगेत, खुर्चीच्या अगदी कडेला. मी पुडकं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी गाठ सोडली, यमुनाजवळ गेले, पान उघडून तिच्या मांडीवर ठेवलं आणि तिथेच उभे राहिले. मास्तरांनी फक्त एवढं जाहीर केलं की यमुना म्हात्रे एक पान वाचेल.

तिच्या दोन्ही हातांची बोटं डाव्या कोपऱ्यात टेकली. सरकली. थांबली. परत मागे आली. पुन्हा सरकली, पुन्हा थांबली. तिच्या कपाळावर आठी पडली.

मुलांनी कान टवकारले होते. धर्मा हळू आवाजात म्हणाले, “नाय येत कं, बाय?” त्यांच्या आवाजात जिंकल्याचा आनंद असता तर मला बरं वाटलं असतं. नव्हता.

मी माझ्या हातातल्या प्रतीचं ते पान उजेडावर धरलं. मागच्या खळग्यांच्या बाजूने पाहिलं तर तक्त्याप्रमाणे अगदी बरोबर. पान पालटलं, टेंगळांच्या बाजूने पाहिलं तर सगळं उलटं! अहो, उलटणारच. शाईचा ठसा कागदाच्या पुढे उमटतो, पण टेंगूळ येतं मागे. मी जन्माची सवय म्हणून खिळे उलटे लावले होते. शाईत ते सुलट दिसले, म्हणून डोळ्यांनी खात्री करून घेतली. टेंगळांवर बोट फिरवून पाहावं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. या शाळेत पहिल्या दिवशी रंग समजावून सांगणारा शहाणा मी, शेवटच्या दिवशीही डोळ्यांवरच विसंबलो होतो.

उठून ओरडावं, ‘चूक माझी आहे!’ असं वाटलं. पण मी तोंड उघडलं असतं तर धर्मा म्हणाले असते, झालं, हाही शाळेतलाच. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसलो. एका मुलीची मुंबई माझ्या पाच उलट्या ओळींत अडकली होती.

आणि यमुना हसली. मोठ्याने नाही, नाकातल्या नाकात. तिने बोटं उचलली, पानाच्या उजव्या टोकाला नेली आणि तिकडून डावीकडे यायला लागली.

“बाबा, थांब जरा. हे पलीकडून लिहिलंय.” मग एकेक शब्द लावत, विहिरीतून पोहरा ओढावा तसा ओढत, ती वाचू लागली. “मी… ठाण्याच्या… छापखान्यातला. या अंकाच्या… मुख… मुखपृष्ठावर… यंदाही… सूर्य आहे.”

अध्यक्षांनी समाधानाने मान डोलावली.

“दिसला नाही तरी… तुमचा काही… तोटा नाही.”

पहिले हसले नेने मास्तर. मग चिंचेखालून सगळी मुलं, मग पाहुणे. अध्यक्षांनी हातातला अंक पालथा घातला आणि विचारलं, “कुणी लिहिलं हे?” मास्तर म्हणाले, “ज्यांनी सूर्य काढला, त्यांनीच.”

यमुनाचं बोट शेवटच्या ओळीवर होतं. तिथे ती थांबली, आणि आता मोठ्याने हसली. “चांदणं… घातलेलं नाही.”

धर्मा म्हात्रे हसले नव्हते. त्यांनी पान उचललं, भाताच्या लावणीने भेगाळलेला अंगठा त्या टेंगळांवरून फिरवला आणि विचारलं, “आधी अडलीस कशाला?”

“उलटं छापलंय, बाबा.”

“मंग वाचलंस कसं?”

“आम्ही लिहितो तसंच आहे ना ते. लिहिताना आम्ही कागदाच्या मागून टोचतो, उजवीकडून डावीकडे, सगळी अक्षरं उलटी. मग कागद पालटून वाचायचं. इथे पालटलेलंच नाही. मग मी लिहिल्यासारखं वाचलं.”

धर्मांनी ते कोरं पांढरं पान पालटून पाहिलं. मग मास्तरांकडे वळून म्हणाले, “घडाघडा वाचली असती तर मी बोल्लो असतो, पाठ केलंय. पाठ केलेलं असं अडत नाय. अडली न् मंग सुटली, तवा मना पटलं.” आणि पान यमुनाच्या हातात परत देत, “मुंबईला कवा सोडायची?”

मास्तरांनी उत्तर दिलं का, मला आठवत नाही. मी खुर्चीचा हात अजून सोडला नव्हता एवढं आठवतं.

पांगापांग झाल्यावर मी व्हरांड्यात टेकलो होतो, तेव्हा यमुना भिंतीच्या पट्ट्यावरून हात फिरवत माझ्यापाशी आली. “दादा, डोळे असून तुम्ही पण उलटंच लिहिता?” माझ्या पिशवीत जुळणीची पट्टी होती, तिच्यात कुणाच्या तरी पत्रिकेची ओळ तशीच लावलेली. मी ती तिच्या हातात दिली. तिने खिळ्यांची तोंडं चाचपली, एकेक, सावकाश. ती अक्षरं तिला ओळखीची नव्हती, पण पद्धत होती. “म्हणजे तुम्ही लिहिता ते तुम्हाला लगेच वाचता येत नाही,” ती म्हणाली. “पालटावं लागतं.” इतकी वर्षं या धंद्यात काढून माझ्या घरच्यांनाही मी नेमकं काय करतो ते असं कळलं नव्हतं.

ती मुंबईला गेली. पुढे तिने कितीतरी मुलांना वाचायला शिकवलं असं मास्तर सांगायचे. ते वार्षिक मी पुढेही बरीच वर्षं केलं. ठिपक्यांचं पान दरवर्षी असायचं, आता सुलट, आणि यंत्रावर चढवण्याआधी मी ते डोळे मिटून बोटांनी बघायचो. पिंपळाचं पान काही मुखपृष्ठावर आलं नाही. अध्यक्ष बदलले, सूर्य राहिला. त्या उलट्या पानाची एकही प्रत मी ठेवली नाही, याची चुटपुट अजून आहे. तेव्हा वाटलं होतं, चुकीच्या छपाईची आठवण कशाला जपायची?

संमेलनानंतर पिशवी घेऊन मी पुन्हा गावोगाव हिंडलो आणि सगळ्यांचे पूर्णविराम परत केले. घासून, दाबून ते बसके झाले होते. सगळ्यांनी कुरकुर केली. “अरे, टिंब उठत नाही नीट, पुसट येतं!” मी म्हटलं, येईल हळूहळू. आलं नाही.

तेव्हा कुणाकडे जुन्या ट्रंकेत त्या काळची, ठाण्या-कल्याणकडे छापलेली एखादी लग्नपत्रिका निघाली आणि वाक्याच्या शेवटचं टिंब जरा फिकट वाटलं, तर शाईला नावं ठेवू नका. ते दमलेलं आहे. मानपाड्याच्या एका मुलीला मुंबईपर्यंत पोचवून आलेलं आहे.